साखरेच्या दाण्यातले रंग



दिवाळी जवळ आली की सभासद साखरेची चौकशी सुरू होते. साखर कधी सुटणार, शेअरमागे किती किलो, दर काय लावला, दाणा एस-३० चा की एम-३० चा, हे प्रश्न पारावर आणि गट ऑफिसात रोज निघतात. पोते घरी आले की घरची आजी मूठभर साखर ताटात पसरते, दाणा टपोरा आहे का, पांढरा आहे का, पाहते आणि डबा भरून ठेवते. आपली परीक्षा तेवढ्यावर संपते.

वास्तविक हा दाणा म्हणजे आपल्या वर्षाच्या कष्टाचा शेवटचा मुक्काम. बेणे, लागण, बांधणी, पाणी, तोडणी, वाहतूक, काटा आणि गव्हाण एवढे सगळे पार करून ऊस शेवटी या मिलिमीटरभर दाण्यात येऊन बसतो. त्या दाण्याकडे नीट, मोठा करून, कितीजणांनी पाहिले असेल? आज त्याच पाहण्याविषयी लिहायचे आहे.

सूक्ष्मदर्शक यंत्राखाली, म्हणजे आपल्या बोलीत मायक्रोस्कोपखाली, निरनिराळ्या पदार्थांचे स्फटिक ठेवून त्यांचे फोटो काढण्याचा एक छंद आहे. जगभर हौशी लोक तो करतात. छंद म्हणाल तर निरुपद्रवी, खर्च म्हणाल तर बेताचा. पण ऊस उत्पादकाच्या दृष्टीने या छंदात एक वेगळीच गंमत आहे. ज्या प्रकाशाच्या युक्तीने साखरेच्या दाण्यात रंग उमटतात, त्याच युक्तीने कारखान्याची प्रयोगशाळा उसातली साखर मोजते. म्हणजे फोटोचा नाद आणि उताऱ्याचा हिशेब ही एकाच घरची दोन भावंडे आहेत.

दाणा घडतो कसा

आधी दाण्याची जन्मकथा थोडक्यात पाहू. साध्या थंड पाण्यात, म्हणजे वीस अंश सेंटिग्रेडला, १०० ग्रॅम पाणी सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळवते. तेच पाणी उकळते असेल तर सुमारे ४८७ ग्रॅम साखर पोटात घेते. गरम पाक थंड झाला किंवा त्यातले पाणी उडाले की जास्तीची साखर पाण्याला पेलवत नाही. ती बाहेर पडू पाहते. बाहेर पडताना साखरेचे रेणू अस्ताव्यस्त पडत नाहीत, गवंड्याने ओळीत विटा लावाव्या तसे एकावर एक लागत जातात. त्यालाच स्फटिक म्हणायचे. म्हणून साखरेच्या प्रत्येक दाण्याला कडा असतात, सपाट बाजू असतात, ठरलेले कोन असतात. दाणा लहान असो की मोठा, कोन तेच.

कारखान्यात हे काम व्हॅक्यूम पॅनमध्ये चालते. पॅनमधली हवा ओढून घेतल्यामुळे पाक साठ-सत्तर अंशांवरच उकळतो आणि साखर करपत नाही. पाक योग्य दाटपणाला आला की त्यात अतिशय बारीक दळलेल्या साखरेचे बियाणे सोडतात. आपण शेतात बी टाकतो तसेच हे. प्रत्येक कणाभोवती साखर चढत जाते आणि दाणा वाढतो. सगळे कसब पॅनमनच्या हातात असते. पाक जास्त दाटला तर नको तेव्हा नवे बारीक दाणे उपजतात. त्याला खोटा दाणा म्हणतात. पिकात तण माजावे तसा तो माजतो आणि पुढे सेंट्रिफ्यूगल मशिनमध्ये मळी सुटण्याच्या वाटा बुजवतो. पाक पातळ झाला तर वाढलेला दाणा पुन्हा विरघळतो. म्हणून पॅनमन वरचेवर प्रूफ स्टिकने पॅनमधला नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरून दिव्यासमोर धरतो आणि दाण्याची अंगलट पाहतो. गुऱ्हाळावरचा गुळव्या पाकाची गोळी पाण्यात टाकून चाचणी घेतो, त्याच जातीची ही नजर.

तेव्हा स्फटिक पाहणे हे आपल्या धंद्यात नवे नाही. छंद करणारा मनुष्य फक्त एक पाऊल पुढे जातो. तो पाहिलेले टिपून ठेवतो.

एक शेतकरी आणि पाच हजार हिमकण

या छंदाच्या इतिहासात एक नाव फार मोठे आहे आणि ते एका शेतकऱ्याचे आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात जेरिको नावाचे खेडे आहे. तेथे विल्सन बेंटली हा दुधाचा धंदा करणाऱ्या कुटुंबातला मुलगा १८६५ साली जन्मला. पोरवयातच आईने त्याला एक मायक्रोस्कोप दिला. हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फाचे कण तो त्याखाली पाहू लागला. बर्फाचा कणसुद्धा स्फटिकच. पण चित्र काढता काढता कण वितळून जाई. मग घरच्यांनी पदरमोड करून त्याला कॅमेरा घेऊन दिला. त्याने तो मायक्रोस्कोपला जोडला आणि बऱ्याच खटपटीनंतर १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचा पहिला फोटो मिळवला. तेव्हा त्याला विसावे वर्ष चालू होते.

पुढे सारा जन्म त्याने शेती सांभाळून हाच नाद केला. थंडगार छपरीत उभे राहायचे, पडता बर्फ फळीवर झेलायचा, चांगला कण काडीने हलकेच उचलून काचेवर ठेवायचा, आणि श्वास लागून तो वितळू नये म्हणून तोंड फिरवायचे. अशा रीतीने त्याने पाच हजारांहून अधिक फोटो जमवले. गावातल्या लोकांना हे वेड वाटे. पण १९३१ साली त्याच्या फोटोंचे मोठे पुस्तक निघाले आणि आजही हिमकणांचा अभ्यास करणारे त्याचे नाव आदराने घेतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो वारला. कॉलेजचे शिक्षण नाही, मोठी प्रयोगशाळा नाही. जनावरांचे शेण-दूध आटोपून उरलेल्या वेळात केलेले हे काम आहे.

चिकाटीचे असेच एक उदाहरण आपल्या जिल्ह्यातले. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके आपल्याला 'राजा हरिश्चंद्र'मुळे ठाऊक आहेत. तो चित्रपट १९१३ सालचा. पण त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाचे छोटे चित्रण केले होते. कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा समोर ठेवला आणि दिवसांमागून दिवस थोडे थोडे चित्र घेत गेले. ते सलग दाखवले तेव्हा डोळ्यांदेखत कोंब वर आला. डोळ्याला न दिसणारी वाढ कॅमेऱ्याने दाखवायची, हे त्यातले मर्म. दाण्याच्या फोटोतही तेच मर्म आहे.

रंग येतात कोठून

आता कोणी म्हणेल, साखर तर पांढरी, मग रंग कसले? प्रश्न बरोबर आहे. नुसत्या मायक्रोस्कोपखाली साखरेचा दाणा काचेच्या खड्यासारखाच दिसतो. रंग दिसायला पोलराइज्ड प्रकाश लागतो.

हे शब्द ऐकून दचकू नका. घराच्या कुडाच्या उभ्या काठ्यांमधून एक दोरी आरपार नेली आहे अशी कल्पना करा. दोरी वरखाली हलवली तर लाट कुडातून पलीकडे जाते. आडवी हलवली तर काठ्यांना अडकून मरते. साधा प्रकाश सगळ्या दिशांनी हेलकावत असतो. पोलराइजर नावाची पातळ फिल्म या कुडासारखे काम करते आणि एकाच दिशेचा हेलकावा पुढे सोडते. आता त्यापुढे दुसरी फिल्म आडव्या काठ्यांच्या कुडासारखी धरली, तर पहिलीतून आलेला प्रकाशही अडतो. दोन्हींमधून पाहिले तर काळोख.

या दोन कुडांच्या मध्ये साखरेचा स्फटिक ठेवला की चमत्कार होतो. काळोखात दाणा उजळतो. कारण साखरेच्या स्फटिकातून जाताना प्रकाशाचे दोन भाग पडतात आणि त्या दोघांचा वेग सारखा नसतो. एक पुढे, एक मागे. दुसऱ्या फिल्मपाशी ते पुन्हा एकत्र येतात, तेव्हा काही रंग एकमेकांना मारून टाकतात आणि उरलेले झळकतात. कोणता रंग उरेल ते दाण्याची जाडी आणि त्याची बैठक यांवर अवलंबून असते. म्हणून एकाच दाण्यात काठाला निळा, जांभळा, पिवळा असे पट्टे दिसतात, शेताच्या नकाशात उंचसखलपणाच्या रेषा असाव्यात तसे.

येथे एक अनुभवाची गोष्ट सांगतो. चहात टाकतो तो दाणा आहे तसा ठेवला तर मधोमध पांढुरका दिसतो. तो फार जाड असतो, त्यात सगळेच रंग मिसळून जातात. खरी शोभा पाहायची तर दाणा दोन चमच्यांत धरून ठेचावा आणि पिठासारखा कण घ्यावा. त्यात गुलाबी, मोरपंखी, सोनेरी असे रंग येतात की पैठणीचा पदर पसरल्यासारखे वाटते. उलट मिठाचा कण ठेवला तर काळोख तसाच राहतो. मिठाच्या स्फटिकाची रचना सगळ्या बाजूंनी सारखी, चौकोनी घनाची असते, त्यातून जाताना प्रकाशाचे दोन भाग पडत नाहीत. साखर आणि मीठ नुसत्या प्रकाशाने वेगळे ओळखता येतात, जिभेला त्रास द्यायला नको.

घरी करून पाहायचे तर

शाळेत असतो तसा साधा मायक्रोस्कोप पुरे. चाळीस पट मोठे दाखवणारी भिंग-जोडी या कामाला उत्तम. पोलराइजर फिल्म शास्त्रीय साहित्याच्या दुकानात मिळते. जुन्या बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या काचेवरही ती चिकटवलेली असते, हलक्या हाताने सोडवावी. फिल्मचा एक तुकडा दिव्याच्या वर आणि काचपट्टीच्या खाली ठेवावा. दुसरा वरच्या भिंगावर ठेवून हळूहळू फिरवावा. पूर्ण काळोख झाला की थांबावे. काचपट्टी काचेचीच हवी. प्लॅस्टिकची असेल तर तिचे स्वतःचे रंग मध्ये लुडबुड करतात. उजेडाला बॅटरी किंवा एलईडी दिवा वापरावा. मायक्रोस्कोपच्या आरशाने थेट सूर्य कधीही घेऊ नये, डोळा जाईल. मुलांना हे बजावून सांगावे.

फोटोसाठी आता मोबाइल पुरतो. त्याचे भिंग मायक्रोस्कोपच्या वरच्या भिंगापासून थोड्या अंतरावर स्थिर धरायचे. हात हलतो म्हणून लाकडी ठोकळे किंवा पट्टीचा आधार द्यावा आणि फोटो आपोआप निघण्यासाठी टायमर लावावा. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल संपवून तो धुऊन येईपर्यंत काय निघाले ते कळत नसे. आता चुकलेला फोटो पुसला की काम झाले.

स्वतः स्फटिक बनवायचे असतील तर सुरुवात साखरेपासून करू नका. साखरेचा पातळ थर काचेवर बहुधा चिकट काचेसारखा गोठून बसतो, दाणा धरीत नाही. सोपा पदार्थ म्हणजे लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. चमचाभर पाण्यात विरघळेल तेवढे विरघळवावे, एक थेंब काचेवर पातळ पसरावा आणि सुकू द्यावा. सुकताना कडेकडून पिसाऱ्यासारखे स्फटिक पसरत येतात. साखरेचेच करायचे असेल तर पॅनमनची युक्ती वापरा: दाट पाकाच्या थेंबाला पिठीसाखरेचा एक कण लावा आणि कोरड्या हवेत, थंडीच्या दिवसांत, झाकून चार-सहा दिवस ठेवा. बियाणे मिळाले की पाक दाणा धरतो.

खताच्या कोठीतही भरपूर सामान आहे. युरियाचा थेंब सुकला की लांब सुया आणि पंखे तयार होतात. युरियाला निंबोळी तेलाचे आवरण असते, तेव्हा द्रावणावर तवंग दिसला तर खालचे स्वच्छ पाणी घ्यावे. मॅग्नेशियम सल्फेट चांगले रंग देते. ठिबकातून सोडतात ते १३:०:४५ झगमगते. पण म्युरेट ऑफ पोटॅश मिठाच्या जातीचे, ते काळोखातच राहते. हा खताच्या भेसळीचा पक्का पुरावा मात्र समजू नये; त्यासाठी सरकारी प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो. खते चुलीवर तापवू नयेत, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला लागू नये.

स्वयंपाकघरातले एक उदाहरण देतो. अळू कच्चा राहिला की घसा खाजतो. अळूच्या देठाचा रस काचेवर घेऊन जरा जास्त शक्तीच्या भिंगाखाली पाहा. बारीक सुयांच्या जुड्याच्या जुड्या चमकताना दिसतील. त्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया. खाज का सुटते हे आजीला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्या जिल्ह्यात तर स्फटिक पायाखाली आहेत. विहीर खोदताना काळ्या कातळाच्या पोकळीतून चकाकणाऱ्या गारगोट्या निघालेल्या अनेकांनी पाहिल्या असतील. लाव्हाच्या थरांत राहिलेल्या पोकळ्यांमध्ये अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्युलँडाइट असे खनिज स्फटिक वाढलेले असतात. सिन्नरजवळ माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' नावाचे खनिज संग्रहालय आहे, तेथे ते मांडलेले आहेत. मुलांना एकदा अवश्य दाखवावे. भूशास्त्रज्ञसुद्धा दगड घासून मिलिमीटरच्या तीन शतांश भागाइतकी पातळ चकती करतात आणि आपल्यासारख्याच दोन पोलराइजरमधून पाहून दगडाची जात ओळखतात.

द्राक्षाचा खार आणि दोन शास्त्रज्ञ

नाशिक म्हटले की उसाच्या बांधाला द्राक्षाचा मांडव आला. द्राक्षाचा रस थंड जागी ठेवला की तळाशी वाळूसारखे कण बसतात. वाइनच्या बाटलीतही ते सापडतात आणि काच पडली की काय म्हणून लोक घाबरतात. तो द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचा खार असतो, अपायकारक नाही. मायक्रोस्कोपखाली तो फार सुंदर दिसतो.

या टार्टारिक आम्लाच्या क्षारांनी विज्ञानात मोठी क्रांती केली. फ्रान्समध्ये १८४८ साली लुई पाश्चर हा पंचविशीतला तरुण असेच स्फटिक मायक्रोस्कोपखाली न्याहाळत होता. त्याच्या लक्षात आले की दिसायला सारखे असलेल्या दाण्यांत दोन प्रकार आहेत. डावा आणि उजवा हात जसे सारखे असूनही एकावर एक बसत नाहीत तसे. त्याने चिमट्याने एकेक दाणा वेचून दोन ढीग केले आणि वेगवेगळे विरघळवले. एका द्रावणाने पोलराइज्ड प्रकाशाची दिशा उजवीकडे वळवली, दुसऱ्याने तेवढीच डावीकडे.

ही बातमी झां-बाप्तिस्त बियो या वयोवृद्ध शास्त्रज्ञाच्या कानी गेली. काही द्रव पदार्थ आणि साखरेचे पाणी प्रकाशाची दिशा वळवते, हे या बियोनेच १८१५ च्या सुमारास दाखवून दिले होते. त्याचा तरुणावर एकदम विश्वास बसला नाही. त्याने पाश्चरला बोलावले, रसायन स्वतःचे दिले आणि सगळा प्रयोग आपल्यासमोर पुन्हा करायला लावला. खात्री पटली तेव्हा म्हातारा गहिवरला असे सांगतात. पुढे दूध, मद्य आणि रोगजंतू यांवर पाश्चरने जे काम केले ते सर्वश्रुत आहे. सुरुवात मात्र दाणे निरखण्यापासून झाली.

प्रयोगशाळेतला पोल

बियोने पाहिलेला तोच गुण आज आपल्या कारखान्यात रोज वापरला जातो. साखरेचे पाणी नळीत भरून त्यातून पोलराइज्ड प्रकाश सोडला तर प्रकाशाची दिशा उजवीकडे फिरते. साखर जितकी जास्त, तितका फिराव जास्त. आंतरराष्ट्रीय मापाप्रमाणे २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण केले आणि ते २०० मिलिमीटर लांबीच्या नळीत भरले, तर यंत्रावर १०० हा आकडा येतो. प्रत्यक्षात प्रकाश सुमारे ३४.६ अंश फिरलेला असतो. या यंत्राला पोलॅरिमीटर म्हणतात आणि केमिस्ट मंडळी ज्याला 'पोल' म्हणतात तो हाच आकडा. रसाचा ब्रिक्स म्हणजे विरघळलेला सगळा घन भाग आणि पोल म्हणजे त्यातली साखर. दोन्हींवरून प्युरिटी निघते. हंगामापूर्वी प्लॉटचे नमुने काढून तोडणीचा प्रोग्रॅम ठरतो तो याच आकड्यांवर.

म्हणजे घरी दोन फिल्मच्या मध्ये साखर ठेवून जो रंग पाहायचा, त्याचीच धंदेवाईक बाजू प्रयोगशाळेत चालते. एकदा घरी हा खेळ केलेल्या सभासदाला पोल म्हणजे काय हे पुन्हा समजवावे लागत नाही.

शिळ्या उसाचा दाणा

आता मुद्द्याची गोष्ट. ऊस तोडला तरी लगेच मरत नाही. कांड्यांतले विकर काम करीत राहतात आणि साखरेचे तुकडे पडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. त्या मिश्रणाचा दाणा पडत नाही, ती साखर मळीत जाते. शिवाय कापलेल्या टोकांतून जंतू आत शिरतात. त्यांतला ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो. उसाचे तुकडे झालेले असतील, ऊस जळीत असेल आणि ऊन असेल तर हा नासाडीचा वेग फार वाढतो. गुऱ्हाळवाल्याला हे पुस्तकाशिवाय माहीत असते: शिळ्या उसाच्या गुळाची ढेप नीट बसत नाही, चिकट राहते.

डेक्स्ट्रानचे दोन खेळ आहेत आणि दोन्ही आपल्या विषयात मोडतात.

पहिला खेळ पोलचा. डेक्स्ट्रानही प्रकाश उजवीकडेच वळवतो, तोसुद्धा साखरेच्या सुमारे तिप्पट जोराने. त्यामुळे रसात डेक्स्ट्रान असेल तर यंत्र साखर असल्यापेक्षा जास्त दाखवते. कागदावर पोल चांगला आणि पोत्यात साखर कमी. आत आलेली साखर आणि बाहेर पडलेली साखर यांचा मेळ बसत नाही आणि हिशेबात अज्ञात घट दाखवावी लागते. सभासदाला वाटते कुठेतरी पाणी मुरते आहे. कधी कधी ते पाणी शिळ्या उसातच मुरलेले असते.

दुसरा खेळ दाण्याचा. डेक्स्ट्रान वाढत्या स्फटिकाच्या काही बाजूंना चिकटतो आणि तेथे नवी साखर बसू देत नाही. उरलेल्या बाजूने दाणा वाढत जातो. परिणाम असा की नेहमीचा ठेंगणा, भरीव दाणा लांबट होतो, नासाडी जास्त असेल तर सुईसारखा. मायक्रोस्कोपखाली फरक चटकन कळतो. पाक चिकट होतो, पॅनला वेळ जास्त लागतो, आणि मळीतून दाणा नीट सुटत नाही. ताज्या उसाचा आणि शिळ्या उसाचा दाणा यांचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले तर तोडणी ते गाळप या वेळेवरचे एक तासाचे भाषण वाचेल.

येथे न्यायाची बाजूही सांगितली पाहिजे. एखाद्या दाण्याकडे बोट दाखवून हा अमक्याच्या उसाचा, असे कोणालाही म्हणता येणार नाही. गव्हाणीत सगळ्यांच्या मोळ्या एकत्र होतात. दाणा लांबट होण्याला इतर अशुद्ध द्रव्येही कारण होऊ शकतात. आणि ऊस शिळा होतो तो दर वेळी शेतकऱ्याच्या दोषाने नव्हे. टोळी वेळेवर येत नाही, ट्रॅक्टर चिखलात रुततो, मिल बंद पडली की यार्डात रांग लागते. त्यात शेतकऱ्याचा ऊस वाळतो आणि वजनातही त्याचेच नुकसान होते. त्या रांगेची जबाबदारी कारखान्याच्या शेतकी आणि इंजिनिअरिंग खात्यांवर येते, ती त्यांनी टाळता कामा नये. आपल्या हातात असेल तेवढे मात्र आपण करावे: प्रोग्रॅमच्या आधी तोड घेऊ नये, फडात मोळ्या पडून राहू देऊ नयेत, सोयीसाठी ऊस पेटवू देऊ नये, पाचट व वाढे स्वच्छ काढून घ्यावेत.

यात किती पैसा आहे ते पाहा. उतारा एक दशांश टक्क्याने घसरला म्हणजे टनामागे एक किलो साखर गेली. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. हा उतारा एकट्याच्या उसाचा नव्हे, साऱ्या कारखान्याचा धरतात. म्हणून एकाचा शिळा ऊस सगळ्यांचा भाव खातो आणि एकाचा ताजा ऊस सगळ्यांच्या पदरात पडतो. सहकार म्हणजे काय याची याहून चांगली व्याख्या सापडणे अवघड आहे.

शाळांसाठी एक सूचना

आपल्या कार्यक्षेत्रातील बहुतेक माध्यमिक शाळांत मायक्रोस्कोप कपाटात धूळ खात असतात. विज्ञान शिक्षकांनी ते बाहेर काढावेत. मुलांनी आपापल्या घरची साखर, गूळ, काकवीच्या तळाला बसलेला दाणा, काकूंच्या खडीसाखरेचा चुरा असे नमुने आणावेत, दोन फिल्म लावून पाहावेत आणि फोटो काढावेत. प्रत्येक फोटोखाली पदार्थ, तारीख आणि भिंगाची शक्ती लिहून ठेवावी, म्हणजे नुसती करमणूक न राहता अभ्यास होईल. कारखान्याची प्रयोगशाळा हंगामात पाहायची असेल तर शाळेने चीफ केमिस्टकडे आगाऊ पत्र द्यावे. पॅनवरचा नमुना काचेवर घेऊन पाहण्याची संधी मिळाली तर मुलांना दाणा वाढताना दिसेल.

वार्षिक सभेच्या मंडपात दरवर्षी ताळेबंदाचे तक्ते लागतात. त्यांच्या शेजारी मुलांनी काढलेले दाण्यांचे फोटो लावले आणि त्यांत ताज्या व शिळ्या उसाचा दाणा वेगळा दाखवला, तर उताऱ्यावर बोलायला उठणारा सभासद आधी ते फोटो पाहून मगच माइककडे जाईल. प्रश्न तो विचारणारच, विचारलाच पाहिजे. पण त्या प्रश्नाला मग धार येईल.